किल्ली कोण फिरवतंय

लाइट काही आता येत नाही. बसा इथेच पायरीवर. मोबाइल खिशात घाला, त्या उजेडात माझंच तोंड बघून घाबराल आणि नाव गोष्टीचं होईल. हे जिच्या बाबतीत घडलं ती बाई माझ्या दुकानातून प्लग आणि गॅस्केटं न्यायची, अजूनही नेते. मी सांगतोय त्यातलं बरंचसं तिच्याच तोंडून ऐकलंय, आणि ती थापा मारणाऱ्यातली नाही.

त्या गुरुवारी दुपारी चारच्या सुमाराला ती काउंटरवर आली. चार प्लगचा सेट हवा होता. कुठल्या गाडीला म्हणून विचारलं, तर म्हणाली, लाल स्पोर्ट्स कारला. मी खोका परत फळीवर ठेवला.

"काका, प्लग द्या," ती म्हणाली. "सल्ला नंतर देता येईल."

तिला सगळा बाजार ताई म्हणतो. तिच्यापेक्षा वयाने मोठे ड्रायव्हरसुद्धा. गॅरेज मूळचं तिच्या मामाचं. मामाच्या हाताखालीच ती शिकली. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि आतलं दुखणं ओळखायचं, ही मामाची खासियत. ती तिनेही उचलली. पण नऊ वर्षांपूर्वी मामाने काम सोडलं. सोडलं म्हणजे एका दिवसात सोडलं. गॅरेजची चावी तिच्या हातात ठेवली आणि घरी जाऊन बसला.

कारण हीच गाडी. तेव्हा ती एका तरुण पोराची होती, शर्यती मारायचा, सगळे त्याला वारा म्हणायचे. मामाने एका संध्याकाळी तिचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, लावून दिलं. त्याच रात्री एक वाजून चाळीस मिनिटांनी, गावाबाहेरच्या उतारावर, वळण घेताना गाडीने दोन फटके मारले. बंदुकीसारखे. मग भिंत. वारा जागच्या जागी गेला.

सकाळी बाजारात एकच वाक्य. टायमिंग चुकवलं, माणूस मारला. कोणी तपासलं नाही, कोणी सिद्ध केलं नाही, पण लोकांना सिद्ध कशाला लागतंय. मामाचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला, आणि तिथेच घोटाळा झाला. रस्त्यावरून एखादी मोटारसायकल फाटकन वाजली की हा जेवता जेवता उठायचा, आतल्या खोलीत जायचा आणि दार लावून घ्यायचा. ताईला ते बघवत नसे. नऊ वर्षं ती ते बघत होती.

तर गाडी पुढे विकली गेली. कुणीतरी ठोकून, रंगवून नवी केली. इंजिनाला धक्का लागला नव्हता म्हणून ते कुणी उघडलं नाही. फिरत फिरत ती एका दातांच्या डॉक्टरकडे आली. चार गॅरेजं झाली, प्लग बदलले, कॉइल बदलली, डिस्ट्रिब्यूटर बदलला, सायलेन्सर नवा घातला, फटके काही जाईनात. मग त्या गुरुवारी ती टोइंगच्या गाडीवर चढून ताईच्या दारात आली. डॉक्टर लांबच उभा राहून बोलत होता.

"उतारावर पाय काढला की बॅकफायर होतं, ताई. गरम झाल्यावरच होतं."

"आणखी काही?"

"नाही. म्हणजे... रात्रीचं शेजारी तक्रार करतात."

"रात्री कुठे घेऊन जाता?"

"मी नाही नेत," डॉक्टर म्हणाला. "ती गॅरेजमध्येच असते. कुलूप लावून."

ताईने मान हलवली आणि बॉनेट उघडलं.

रात्री जेवताना तिने मामाला सांगितलं. लपवून करायची तिला सवय नाही. मामाचा घास हातातच राहिला.

"परत पाठव ती."

"नाही पाठवणार."

"अगं, माझ्या हातून..."

"तुझ्या हातून काय झालं तेच मला बघायचंय, मामा. नऊ वर्षं नुसतं ऐकतेय."

मामाने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "आणि माझीच चूक निघाली तर?"

"तर येऊन तुझ्या तोंडावर सांगेन."

याला म्हणतात पोरगी. मी असतो तर काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेली असती.

शुक्रवारी दिवसभर तिने गाडी पिंजून काढली. टायमिंग बरोबर. कार्ब्युरेटर बरोबर. कुठे हवा घेत नव्हती. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, बघितलं, तेही एकसारखं. तेव्हा ती हातातल्या गेजकडे बघत उभी राहिली आणि तिच्या डोक्यात आलं, की हे सगळं आपण गार इंजिनावर बघतोय. चारही गॅरेजवाल्यांनी तेच केलं असणार. गाडी यायची टोइंगवर, म्हणजे गार. शिवाय तापलेल्या इंजिनाचे प्लग काढायचे म्हणजे बोटं पोळतात, त्यामुळे आमच्या धंद्यात सगळे सकाळी उठून गार असतानाच बघतात आणि बरोबर आहे म्हणून सांगतात. आळस म्हणा, शहाणपण म्हणा.

आता गरम करून बघायचं. पण त्याला दोन माणसं लागतात. तिचं गेज मामाच्या वेळचं, रबराचं टोक प्लगच्या भोकात दोन्ही हातांनी दाबून धरायचं. त्याच वेळी दुसऱ्याने आत बसून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि किल्ली फिरवून सेल्फ मारायचा. पेडलवर वीट ठेवता येईल, किल्ली कोण फिरवणार? कामाची माणसं सहाला निघून गेली होती. त्यातला एकही त्या गाडीत बसायला तयार नव्हता, जास्त पगार देते म्हटलं तरी.

तिने मला फोन केला. मी... माझी पाठ धरली होती. हसू नका. खरंच धरली होती.

मग तिने शटर आतून ओढलं. गाडीची किल्ली पँटच्या खिशात टाकली. एक दिवा चालू ठेवला, स्टूल घेतलं आणि गाडीच्या समोर बसली. ते शेजारी कशाची तक्रार करतात ते तिला बघायचं होतं.

बारा वाजले. एक वाजला. बाहेर एक कुत्रं भुंकत होतं, ते मध्येच गप्प झालं.

भिंतीवरच्या घड्याळात एक चाळीस झाले.

गाडी चालू झाली.

खिशात किल्ली होती. तिने हात घालून बघितली. होती.

इंजिन रेस व्हायला लागलं. हळूहळू नाही. कुणीतरी पाय दाबून धरल्यासारखं. दिवा थरथरायला लागला. पाने फळीवरून खाली पडले. आणि मग रेस सुटली, आणि... फाट. सायलेन्सरमधून हातभर ज्वाळा. फाट.

ती उठली नाही. म्हणाली, उठले असते तर पळाले असते.

दिव्याचा उजेड समोरच्या काचेतून आत पडत होता. ड्रायव्हरची सीट दिसत होती. रिकामी. पण तिचं चामडं खाली दबलेलं होतं. मध्यभागी. माणूस बसल्यावर दबतं तेवढं.

फाट.

तेव्हा बाईला राग आला. भीती होती, ती म्हणते, पण रागाने भीतीला मागे ढकललं. नऊ वर्षं एक म्हातारा दार लावून आत बसतोय, आणि हा इथे फटाके फोडतोय.

ती दाराशी गेली. काच खाली होती. आत थंडी होती. इंजिन तापून लाल झालेलं आणि आत... थंडी.

"वाऱ्या," ती म्हणाली, "मी तुला ओळखते. मामाची चूक असेल तर दाखव मला. मी त्याला सांगेन, त्याच्या तोंडावर. नसेल तर हे नाटक बंद कर. माझ्या मामाला तू खूप छळलंस."

इंजिन वाजत राहिलं.

तिने खिशातून किल्ली काढली, काचेतून आत हात घातला. त्या थंडीत. कोपरापर्यंत. किल्ली तिच्या जागी लावली.

"ही घे. चोरासारखी कशाला चालू करतोस. आता बंद कर. मला प्लग काढायचेत."

...

किल्ली फिरली.

इंजिन बंद पडलं.

शांतता. इतकी, की तापलेलं लोखंड टिकटिक करत निवत होतं तेवढंच ऐकू येत होतं. निवून चालणार नव्हतं. तिने बॉनेट वर केलं, भराभर चारही प्लग काढले. बोटं पोळली. कॉइलची वायर सोडली. पहिल्या भोकात गेज दाबून धरलं. बॉनेट उघडं होतं, त्यामुळे आत काय चाललंय ते आता तिला दिसत नव्हतं.

"पाय पूर्ण दाब," ती म्हणाली. "आणि मार सेल्फ."

काही नाही.

"मार म्हणते ना."

...

आतून पेडलचा आवाज आला. मग सेल्फ. इंजिन पाच-सहा वेळा फिरलं. काटा वर चढला. दीडशे. चांगला.

"बस."

थांबलं.

दुसरं भोक. "मार." दीडशे. "बस."

हे सांगताना ती हसली होती. म्हणाली, काका, इतकं वेळेवर थांबणारा मदतनीस मला आजपर्यंत मिळाला नाही.

तिसरं भोक. "मार."

इंजिन फिरलं.

काटा साठवर गेला. आणि तिथेच राहिला.

तिने परत करायला लावलं. साठ. सकाळी गार असताना याच सिलिंडरने दीडशे दाखवले होते.

"बस," ती म्हणाली. "सापडलं रे."

आत पेडल हळूच वर आलं. सीटच्या स्प्रिंगचा आवाज झाला, एकदाच. दार उघडलं नाही. शटर उघडलं नाही. ती बॉनेटच्या बाजूने डोकावली तेव्हा सीट सपाट होती. किल्ली तेवढी लावलेली... हलत होती.

नाही, पळाली नाही. तिथेच स्टुलावर बसून राहिली. सहाला उजाडल्यावर तिने इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उघडलं.

उघडण्याआधी हेडच्या बोल्टांवर कारखान्यातला रंग तसाच होता, अखंड. म्हणजे गाडी बनल्यापासून ते कुणीही उघडलेलं नव्हतं, मामाने तर नाहीच. आणि आत तिसऱ्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हची बैठक, म्हणजे झडप टेकते ती कडा, तडकलेली. केसाएवढी फट. गार असताना मिटलेली, तापली की उघडणारी. तिच्यातून न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जायचं आणि उतारावर पाय काढला की भडकायचं. त्या फटीत वर्षानुवर्षांची काजळी भाजून दगड झाली होती. टायमिंगचा काही संबंधच नव्हता. मामाच्या हाताचा संबंध नव्हता.

मामा गॅरेजला येणार नाही हे तिला माहीत होतं. म्हणून हेडच घरी न्यायचं ठरवलं. ते उचलायला दुसरा माणूस लागतो, तिने परत मला फोन केला. आता माझी पाठ बरी होती.

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून आम्ही ते ठेवलं. मामाने चष्मा लावला. फट सापडायला त्याला क्षणभरही लागला नाही. तो त्यावरून नख फिरवत राहिला, परत परत. मग सोबत आणलेल्या बोल्टांवरचा रंग बघितला. मग रडला. तोंड फिरवून वगैरे नाही, आमच्या समोर रडला. ताई त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी होती, पोळलेल्या बोटांना पट्टी बांधलेली. डॉक्टरला आज गाडी मिळणार नाही हे मामाच म्हणाला, बैठक आपण दोघं मिळून बसवू. नऊ वर्षांनी.

मग तो उठला. कपाटाचं कुलूप उघडलं, किल्ली त्याच्या जानव्याला... नाही, कमरेच्या दोऱ्याला असायची. आतून एक घडी केलेलं जुनं जॉबकार्ड काढलं. वाऱ्याच्या गाडीचं, त्या संध्याकाळचं.

"काम झाल्यावर मी हे त्याच्या पुढे केलं होतं," मामा म्हणाला. "इथे गिऱ्हाइकाने सही करायची, काम बघितलं, तक्रार नाही म्हणून. तो म्हणाला, एक चक्कर मारून येतो, मग करतो. सही राहिली. रोज रात्री काढून बघतो मी. कालही बघितली. ही बघा, ही जागा अजून..."

बोट ठेवून दाखवत होता. मध्येच थांबला.

मी वाकलो. ताई वाकली.

त्या जागेवर सही होती.

शेवटचं अक्षर लांब ओढलेली वाऱ्याची ती सही मी माझ्या दुकानातल्या बिलांवर शंभरदा बघितली होती. मामाने बोट उचललं. बोटाला निळी शाई लागली होती.