लाल झाकण मागे राहिलं

"मॅडम, ताबडतोब या! माझी किटली चोरीला गेली!"

फोन ठेवून सबइन्स्पेक्टर रुचिका भोईर हसलीच. भिवंडीत चोरीला जायला सुताच्या गोण्या काय कमी आहेत? आणि हे गृहस्थ किटलीसाठी पोलीस बोलावतायत!

फखरुद्दीन शेठच्या दिवाणखान्यात मात्र तिचं हसू मावळलं. काचेच्या कपाटात अकरा जपानी किटल्या होत्या. हाताने घडवलेल्या, लहानशा, मूठ बाजूला असलेल्या. तीस वर्षांपूर्वी शेठ कापड विणायचे जुने लूम घ्यायला जपानला गेले. लूम केव्हाच भंगारात गेले, पण किटल्यांचा नाद सुटला नाही. बाराव्या जागी आता नुसतं एक लाल मातीचं झाकण होतं.

कपाटासमोर जमिनीवर ठकुबाई बसली होती. जवळच्याच पूर्णा गावची, वीस वर्षं या घरात कामाला. शेजारी तिची पिशवी उलटी केलेली. डबा, कंगवा, गोळ्यांचं पाकीट, सगळं फरशीवर पसरलेलं.

"मी न्हाय घेतली, पोरी," ती म्हणाली. "शेठनी पिशवी झाडली. काय गावलं न्हाय, तरी म्हन्तात तूच."

"घरात मी, बायको आणि ही," शेठ तडकले. "चौथं कोण आहे? लिहा हिचं नाव!"

तक्रारीत नाव गेलं असतं, तर पूर्ण्यात ठकुबाईला कोणी दारात उभं केलं नसतं. रुचिकाने वही उघडली. नाव लिहिलं नाही.

"शेवटची कधी पाहिलीत?"

"सकाळी सातला. तिच्यातच चहा घेतला, पाण्याने विसळली, पुसून ठेवली. नऊला कारखान्यात गेलो. बाराला येतो तर हे असं!"

"साबणाने नाही धुतलीत?"

"तोबा! माती साबण पिते, मॅडम. ठकुबाईलाही शिकवून ठेवलंय. फक्त कोरडं फडकं."

"हे झाकण दुसऱ्या किटलीला चालेल?"

"कसं चालेल? दोन्ही एकमेकांत घासून बसवतात. झाकण नसेल तर त्या किटलीला कोण विचारतो? हेही ठकुबाईला माहीत आहे."

"ती आज कधी आली?"

"रोजच्यासारखी अकराला."

तेवढ्यात शेठच्या पत्नी, मेहरुन्निसा भाभी, पाणी घेऊन आल्या. उजव्या हाताला पट्टी होती.

"हाताला काय झालं, भाभी?"

"सकाळी भजी तळताना तेल उडालं."

रुचिका ग्लास ठेवायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात शिरली. ओट्यावर हॉटेलातून आणलेल्या नाश्त्याचे रिकामे डबे. कढई खिळ्याला टांगलेली, खडखडीत कोरडी, वर धुळीचा थर. शेगडी मात्र लखलखीत, आणि एक बर्नर अजून ओला.

"ठकुबाई, शेगडी तू घासलीस?"

"न्हाय गं. आल्यापास्नं मी कपडंच धुवत व्हती."

रुचिका बाहेर आली आणि तिने वही मिटली.

"शेठ, विकायला नेणारा चोर झाकण मागे ठेवत नाही. त्यातून ठकुबाई तर नाहीच नाही, तिला तुम्हीच शिकवलंय. झाकण काढून ठेवतो कोण? ज्याला दुधाचा चहा उकळायचाय तो. झाकण ठेवलं तर उतू जातो, हे शेंबडं पोरही सांगेल."

"उकळायचा? गॅसवर?" शेठचा आवाज चिरकला. "या किटलीत फक्त गरम पाणी ओततात!"

"तुमच्या जपानात. आपल्याकडे चहा गॅसवर होतो. माती तडकली, चहा हातावर आला आणि बर्नरवर सांडला. कढईवर धूळ आहे, मग तेल कुठून उडालं? आणि तुम्ही गेल्यापासून ठकुबाई येईपर्यंत घरात एकच माणूस होतं."

मेहरुन्निसा भाभी आत गेल्या. ओढणीत बांधलेले लाल तुकडे घेऊन आल्या. आतल्या बाजूला साय सुकली होती.

"तीस वर्षं तुम्ही एकटेच यातून ते हिरवं पाणी पिता," त्या म्हणाल्या. "वाटलं, एकदा माझा चहा यातून पिऊन बघावा. मी सांगणारच होते, अल्लाशपथ! पण तुम्ही आल्या आल्या ठकूचं नाव घेतलंत आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. तिची पिशवी उलटी झाली तेव्हा मी दाराआड उभी होते. उभी राहून बघत होते. मला माझीच शरम वाटते."

शेठनी तुकड्यांना हात लावला नाही. ते गुडघ्यांवर बसले. डबा, कंगवा, गोळ्यांचं पाकीट, एकेक उचलून त्यांनी पिशवीत भरलं.

"ठकुबाई, चुकलो मी. माफ कर."

"जाऊ द्या, शेठ," म्हणत ठकुबाई भांडी घासायला गेली.

पाचला तिचं काम आटोपलं. शेठ दाराजवळ खुर्ची टाकून बसले होते. ठकुबाईने चपला घातल्या. मग त्यांच्यासमोर उभं राहून पिशवीचं तोंड उघडलं.

"बघून घ्या, शेठ."

तिच्या आवाजात राग नव्हता. शेठना मान वर करता आली नाही.