कुंडीतला अर्थ

"तुमच्याकडून खरखर येतेय!" दार उघडताच मी सुनावलं.

खाली नव्याने राहायला आलेला तो रोपवाटिकेवाला हातांची माती झटकत म्हणाला, "घसा तर ठीक आहे माझा…"

वर हसला! माझं डोकंच फिरलं. धाकटा भाऊ जहाजावर असतो. रविवारी संध्याकाळी मी माझ्या हौशी रेडिओवर त्याच्याशी बोलते. माझं बोलणं त्याला पोचायचं, पण हा माणूस आल्यापासून मला त्याचं काही ऐकूच येईना. आणि आज शेवटची संधी होती, उद्या जहाज फार लांब जाणार होतं.

खरखर कुठे वाढते ते ऐकायला छोटा रेडिओ घेऊन मी या शेजाऱ्याचं घर पालथं घातलं. रोपांवरच्या दिव्याचा स्वस्तातला अडॅप्टर केकाटत होता. त्याने लगेच तो काढला. तरी खरखर पुरती जाईना. वैतागून मी पुन्हा जिना उतरले… उतरण्याआधी केस विंचरले, याचाही मला राग आला.

अंगणात पाहते तर काय, कुंडीतली वेल माझ्याच तांब्याच्या कांबीवर चढलेली! माझ्या रेडिओची वायरही कांबीला तशीच बांधलेली.

"अहो, ही कांब उपटलीत?"

"उगाच मातीत गाडलेली होती. काही अर्थ नव्हता तिला…"

"तोच तर अर्थ होता! अर्थिंग! जमिनीत लागतं, कुंडीत नाही!"

बिचारा ओशाळला. कांब पुन्हा ओल्या मातीत ठोकून मागोमाग वर आला. मी हेडफोन काढून ठेवला, स्पीकर लावला. खरखर गायब! भावाला हाक मारायला मी माइक उचलला, तोच हा हळूच म्हणाला,

"म्हणजे… आता भांडायला येणार नाही तुम्ही?"

"येणार! रोज येणार! खरखर नसली तरी येणार! आवडता तुम्ही मला, एवढंही कळत नाही? झाडांचं बरं कळतं!"

तो वेलीसारखा दाराला टेकून राहिला. कानापर्यंत लाल. "कळत होतं," म्हणाला, "पण… तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

तेव्हा माझं लक्ष हाताकडे गेलं. संतापात माइकचं बोलायचं बटण घट्ट दाबलेलं होतं. मी ते चटकन सोडलं.

स्पीकरमधून भावाचा आवाज आला, अगदी शेजारी बसल्यासारखा.

"ताई, त्यांचं उत्तरही ऐकलं मी. आता आईला तू सांगतेस की मी सांगू?"