ऐकणारी बाभळ

मला बघून गेलेल्या चौथ्या पाहुण्यांचा नकार आला, त्या संध्याकाळी मी बांधावरच्या बाभळीकडे गेले... तर तिला एका परक्या पोरानं मिठी मारलेली.

"मिठी मारताय की मोजताय?" मी विचारलं.

तो दचकला. हातातली टेप खाली पडली. "मोजतोय... मी यशराज. सांगवीच्या वखारीतनं आलोय. आबांनी झाड इकायला काढलंय. सावलीनं ऊस खुरटतोय म्हनं."

आबा म्हणजे माझे वडील. मला न विचारता त्यांनी माझी मैत्रीण विकायला काढली होती. लहानपणापासून माझ्या पाठीला बाक आहे. आजोबांनी मेंढरांसाठी एकाच अंगाच्या डहाळ्या छाटून छाटून बाभळही दुसरीकडे कलली होती, उरलेलं वाऱ्यानं केलं. अख्ख्या कळस गावात आम्हा दोघींना एकच नाव – वाकडी. मला तिच्याकडे बघून बरं वाटायचं. गावात आपल्यासारखं कुणीतरी आहे, एवढंच.

"वाकडी हाय ती. फळ्या न्हाय निघायच्या," मी म्हणाले.

तो चार पावलं मागे सरला, मान कलती करून बघत राहिला. "वाकडी कुठं? कान देऊन ऐकतीया कुनाचं तरी."

मी तिथंच त्याच्या प्रेमात पडले. लाजायचं कशाला, पडले.

मग तो येतच राहिला. "टेप इसरली हुती."

"हातात हाय की."

"मग... दुसरं कायतरी इसरलो असंन."

आबांना त्यानं सांगून टाकलं, बाभळ आतून किडलीय, वखारीत कुणी घेणार नाही. तोड टळली.

"आबांफुडं खोटं बोललास. कुनासाठी?"

"बाभळीसाठी."

"निसतं बाभळीसाठी?"

"...तिच्याखाली बसनारीसाठीबी."

दिवाळीनंतर तो आई आणि आत्याला घेऊन रीतसर बघायला आला. मी पाठ झाकायला शाल घेतली नाही. ज्याला दाखवायची, त्यानं ती कधीच बघितली होती. नाव झालं, शिक्षण झालं, पोहे झाले. मग त्याची आत्या, फुलाबाई, म्हणाली, "पोरी, जरा दारापतूर चालून दाव."

मी यशराजकडे पाहिलं. 'ऱ्हाऊ दे, आत्या' – एवढंच म्हणायचं होतं त्यानं. तो पोह्यांत चमचा फिरवत होता. मी दारापर्यंत चालत गेले आणि परत आले. त्यानं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याआधी बाभळीखाली हजर. डोळे सुजलेले.

"आत्या तयार न्हाय, स्वप्ना. मी समजावतो तिला. वरीसभर थांब."

"काल का न्हाय बोललास?"

"थोरल्यांफुडं कसं बोलायचं?"

"झाडासाठी आबांफुडं खोटं बोललास. माज्यासाठी खरं बोलायला जीभ न्हाय उचलली?"

त्यानं बाभळीच्या बुंध्याला पाठ टेकली. माझा जीव तुटत होता. वाटलं, त्याचा हात धरावा, वर्षभर काय, दहा वर्षं थांबावं. पण त्याच्या घरात रोज कुणीतरी मला चालायला लावेल आणि तो रोज ताटात बघत बसेल, हे मला काल दिसलं होतं.

आमच्याकडं निघताना 'येते' म्हणतात. 'जाते' म्हणणं अशुभ.

"जाते," मी म्हणाले.

तो कळवळला. "अगं, येते म्हन... निदान येते तरी म्हन."

मी म्हणाले नाही.