जळालेल्या फोटोच्या पट्ट्या

रंजिताला वाटलं होतं, आपण सिंदी मेघेत दुकान उघडलं की घराघरांतले जुने स्पीकर माळ्यावरून खाली उतरतील. उतरले ते मोबाइलचे चार्जर, दोन मिक्सर आणि एक इस्त्री.

नानांनी असं सांगितलं आणि गच्चीवर बसलेली पोरं हसली. बोरगाव मेघेतले दिवे एकेक करून मालवत होते.

"हसा लेकहो," नाना म्हणाले. "पण ते माह्या शेजारचीच पोरगी आहे. रातचं तिनं सांगितलं, अन् सकाळचं म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं."

आणि ते सांगू लागले.

रंजिता परदेशात आवाजाचं शास्त्र शिकून आली होती. काही फेकायचं नाही, दुरुस्त करायचं, असं तिनं दुकानाच्या पाटीवरच लिहिलं होतं. गाळा रूपरावांचा. हिंगणीचे रूपराव साउंड सर्व्हिसवाले. लग्न असो की सभा, स्पीकरचे डबे त्यांचेच वाजत. पोरगी गुणी आहे म्हणून त्यांनी गाळा भाड्याशिवाय दिला होता.

दुकानासमोर धुरपताबाई वांग्यांची टोपली घेऊन बसायची. तिची लेक जयवंता ही रूपरावांची बायको. एकवीस जूनला हिंगणीच्या विहिरीत सापडली. पाय घसरला, असं सगळे म्हणाले, पोलिसांनीही तसंच लिहिलं. धुरपताबाई मात्र एकच गोष्ट सांगत राहायची.

"दोन दिवस आंधी त्यानं हात मोडला होता तिचा. दवाखान्यात हाताचा एक्सरे फोटो काढला, असं तिनं मले फोनवर सांगितलं. अन् हा म्हणते, दवाखान्यात गेलीच नाई कधी. कागद दाखव म्हणतात मले. कागद कुठून आणू, बाई? अन् तू त्याच्या गाळ्यात काऊन बसते?"

 रंजिता वांगी घ्यायची आणि मान खाली घालून शटर उघडायची.

अकरा डिसेंबर, गुरुवार. संध्याकाळी रूपराव स्वतः एक जुना पंधरा इंची वूफर, जाड आवाजाचा मोठा स्पीकर, उचलून घेऊन आले. चाळीस वर्षांचा कागदी कोन, मधोमध काळी गोल टोपी. टोपी आत चेपलेली.

"टोपी बदलून दे," ते म्हणाले. "आवाजच नाई निघून राह्यला. चार वेळा मीच बदलली."

"काका, टोपी दबली म्हणून आवाज जात नाही."

"तू शिकलेली, तुले जास्त समजते. परवा लग्न आहे. सकाळी नेतो." पायरीवरून ते परत वळले. "अंदर जास्त उचकपाचक नको करजो."

तिनं थिनरनं डिंक सैल केला, टोपी उचलली आणि तिला हसू आलं. टोपीखालच्या तारेच्या कॉइलभोवती फिल्मच्या चार पट्ट्या तशाच खोचलेल्या होत्या. कॉइल लोहचुंबकाच्या मधोमध बसावी म्हणून कारागीर अशा पट्ट्या लावतात. गोंद वाळला की त्या काढतात आणि मग टोपी चिकटवतात. पट्ट्या आत राहिल्या तर कोन हलत नाही, स्पीकर मुका होतो. नवशिकाही करणार नाही अशी चूक, आणि ती यांनी चार वेळा केली?

पट्ट्या एक्सरेच्या फिल्मच्या होत्या. त्यात नवल नव्हतं, आपल्याकडे सगळे मिस्त्री तीच कापतात. तिनं चारही बशीत ठेवल्या. गाणं लावून पाहिलं. आवाज असा भरदार निघाला की समोरचा पानवाला डोकावला. मग वायर काढून तिनं नवी टोपी चिकटवली आणि गोंद वाळेपर्यंत थांबायचं ठरवलं.

सव्वा अकरा वाजले. शटर अर्धं खाली होतं.

टक.

तिनं वर पाहिलं. वायर टेबलावर वेगळी पडलेली होती. आणि नवी टोपी... आत चेपली होती.

तिनं कोनावर बोटं टेकवली. हलेना.

टोपी पुन्हा उचलली. आत पट्ट्या होत्या. बशीतल्या चार बशीतच होत्या.

तिनं एक ओढली. तिच्यामागे दुसरी. मग तिसरी... हात थांबेना. तेवीस निघाल्या. शेवटी तिनं त्या काचेवर पसरल्या, खालून दिवा लावला. कडेला कड जुळत गेली. बोटं. पंजा. मनगट. मनगटाचं हाड दोन ठिकाणी मोडलेलं, आणि त्याच्याभोवती दोन बांगड्यांची वर्तुळं. कोपऱ्यात नाव. जयवंता. तारीख, एकोणीस जून.

बाहेर मोटारसायकल थांबली.

"फोन काऊन केला इतक्या राती?" रूपराव शटरखालून वाकून आत आले. "अन् बोलत काऊन नाई? नुसती घुंघुं..."

"मी फोन केला नाही, काका."

मग त्यांना काच दिसली.



"हे... हे नाई होऊ शकत," रूपराव पुटपुटले. "चार पट्ट्या कापल्या होत्या मी. चारच. बाकीचा फोटो मी माह्या हातानं जाळला..."

"दवाखान्यात ती गेलीच नव्हती ना?"

 रूपरावांनी डावा हात लांब करून काचेवर झेप घेतली.

वूफरचा कोन आत गेला. श्वास ओढून घ्यावा तसा.

बांगड्या वाजल्या.

मग एक आवाज. वाळली तुराटी मोडावी तसा.

रंजिता चार हात लांब होती. त्यांना कुणीही शिवलं नव्हतं. रूपराव गुडघ्यांवर बसले होते आणि डावं मनगट भलत्याच बाजूला लोंबत होतं.

नाना थांबले. पोरांतली वेदश्री हळूच म्हणाली, "मंग, नाना?"

नाना पुढे सांगू लागले. रात्री एक वाजता तिनं मला उठवलं. आम्हीच त्यांना दवाखान्यात नेलं. पहाटे फोटो काढणारा पोरगा बाहेर येऊन माझ्यावर चिडला.

"बाबा, बांगड्या काढून आणा म्हटलं ना पेशंटले!"

मी आत जाऊन पाहिलं. रूपरावांचा हात कोपरापासून उघडा होता. मनगटात काळा दोराही नव्हता. त्यानं तीनदा फोटो काढला. तीनही फोटोंत हाड दोन ठिकाणी मोडलेलं. आणि भोवती दोन वर्तुळं.

उजाडलं तेव्हा रंजितानं दुकानाची पाटी उतरवली. गाळ्याची किल्ली रूपरावांच्या उशाशी आणून ठेवली. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. पट्ट्या तिनं दोन काचांमध्ये घट्ट बांधल्या होत्या. धुरपताबाई नुकतीच टोपली उतरवत होती.

"मावशी, आज वांगी राहू द्या," रंजिता म्हणाली. "कागद सापडला. ठाण्यात जाऊ. जे पाहिलं, ते माझ्या सहीनिशी लिहून देते मी."