आप्पाचं पान

खोटं वाटेल, पण देवाशपथ सांगतो, हे आमच्याच घरात घडलंय.

तारीख २६ फेब्रुवारी १९३१. शिरगणतीचा दिवस. ठिकाण, कोकणातल्या अंजनवेलच्या मागचा सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार.

माझे पणजोबा काशीराम मास्तर शाळेत शिकवायचे. सरकारने त्यांना माणसं मोजायच्या कामाला जुंपलं होतं. मास्तर इतके शिस्तीचे, की देवळातल्या देवाचीही हजेरी घेतील.

सड्यावर चार घरांची एक वाडी होती. तिला नाव नव्हतं. खालचं गाव म्हणे, आमची नाही. वरचं गाव म्हणे, आमचीही नाही.

का, ते कोणी सांगेना...

जानेवारीत मास्तर पहिल्यांदा तिथे गेले. गेरूने दारांवर आकडे घातले, नावं उतरवून घेतली. प्रत्येक घरात शेवटचं नाव एकच...

आप्पा.

"वय?"

"ठावं नाय."

"आहे कुठे?"

"मागीलदारी आसंल."

मास्तर मागीलदारी जाऊन आले. कोणी नव्हतं.

चौथ्या घरात सगुणा म्हातारी एकटीच राहायची. तिनेही दोन माणसं सांगितली. मास्तर चिडले, तेव्हा ती म्हणाली, "आप्पा म्हंजे आमचा राखणदार. रोज घरोघर आमी त्याचं पान वाढतो. माणसांत मोजतो त्येला."

"सरकार भुतं मोजत नाही, आजी."

मास्तरांनी लाल पेन्सिल काढली. चारही घरांतला आप्पा खोडला. विसाचे सोळा केले.

सगुणाचा चेहरा उतरला. "मास्तर, घरातलं मानूस कमी केलात. आता तो एकेकाला घेऊनच जाईल."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मास्तर हसले आणि सडा उतरले.

शिरगणतीच्या दिवशी पक्क्या मोजणीला ते परत आले, तेव्हा सूर्य बुडत होता.

पहिल्या घरात भिकाजी नव्हता. त्याची बायको गंगा उंबऱ्यावर बसून होती. "दुपारी मागीलदारी कोनीतरी हाक मारली... गेले ते आलेच नाय."

दुसऱ्या घरातला दादू नव्हता. तिसऱ्या घरातली सून नव्हती. तीच हाक. तेच मागीलदार.

 मास्तर सगुणाच्या घराकडे धावले.

चूल पेटलेली होती. भाताची वाफ निघत होती. दोन पानं वाढलेली होती. म्हातारी कुठेच नव्हती.

"आजी?"

 काळोख्या कोपऱ्यातून आवाज येत होता...

कोणीतरी सावकाश जेवत होतं.

सोळाचे बारा झाले होते. मास्तर वही छातीशी धरून घरापर्यंत पळत आले.

त्यांच्या घरात माणसं तीन. ते, बायको सखू आणि पाच वर्षांची जनी. जनी पानं मांडत होती.

चार पानं...

"चौथं कोणाचं गं?"

"आप्पांचं. मागीलदारी हात धुतायत."

मास्तरांनी वही उघडली. स्वतःच्या घराची तीन नावं त्यांनी जानेवारीतच लिहिली होती. खाली चौथं नाव होतं. अक्षर त्यांचंच.

पेन्सिल हातात होती. त्यांनी ती खाली ठेवली.

"सखू," ते म्हणाले, "आधी त्यांना वाढ."

चार दिवसांनी वही कचेरीत तपासणीला गेली. मास्तर साहेबाच्या अक्षरशः पाया पडले. सगळं खरं सांगितलं. लेकरासाठी तेवढं एक नाव राहू द्या म्हणाले.

साहेब हसला. "मास्तर, सरकार भुतं मोजत नाही."

लाल पेन्सिल त्याच्याकडेही होती.

मास्तर जिवाच्या आकांताने घरी पोचले. सखू मागीलदारी उभी राहून जनीला हाका मारत होती...

माझे आजोबा त्यानंतर दोन वर्षांनी जन्मले. जनीबद्दल आमच्याकडे कोणी बोलत नाही. एक पान मात्र रोज जास्त वाढतात.

ते आप्पाचं की जनीचं, हे विचारायची माझी अजून छाती झालेली नाही. पण उचलायला जातो, तेव्हा ते पान रिकामं असतं.