डावा खुबा

पेशंट दारातून टेबलापर्यंत कसा येतो, हे पाहूनच डॉक्टर प्रतिभांना अर्धं दुखणं कळायचं. गंगापूर रोडच्या दवाखान्यात सव्वीस वर्षं त्यांनी हाडंच पाहिली होती. मखमलाबादच्या वत्सलाबाई आत आल्या, तेव्हाही त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली. बाई सेहेचाळीसच्या, शेवंती-झेंडू पिकवणाऱ्या. डाव्या पायावर भार आला की त्यांची कमर उजवीकडे खाली जायची आणि धड डावीकडे झुकायचं.

"जन्मापासूनच का?" प्रतिभांनी विचारलं.

सोबत आलेले बाईंचे यजमान भिमाजी म्हणाले, दोन महिन्यांमागं ही सरळ चालत होती. पडली नाही, काही लागलं नाही.

प्रतिभांना ते पटलं नाही. एक्स-रे आल्यावर तर मुळीच नाही. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या उखळीतून निसटून वर गेला होता आणि कमरेच्या हाडाला घासून घासून त्यानं तिथं दुसरी, उथळ खोबण पाडली होती. असं व्हायला वर्षं लागतात. मूळची उखळ तर इतकी सपाट, की तिच्यात कधी गोळा बसलाच नसावा.

भिमाजींनी पिशवीतून मागच्या वर्षीची फिल्म काढली. बाई शेतातल्या पाटाच्या कडेला घसरल्या होत्या, तेव्हाची. त्या फिल्ममध्ये गोळा उखळीत नीट बसलेला होता. प्रतिभांनी नाव पाहिलं, तारीख पाहिली. अदलाबदल झाली असेल म्हणून नवा एक्स-रे पुन्हा काढायला लावला आणि स्वतः तिथं थांबल्या.

तेच चित्र आलं.

"घरात असं कोण चालायचं?"

भिमाजी उठून बाहेर गेले.

मग वत्सलाबाईंनी खाली बघत सांगितलं. एकुलती लेक निकिता. दीड महिन्याची असताना नर्सताई म्हणाल्या होत्या, पोरीची डावी मांडी पुरती उघडत नाही, सिव्हिलला दाखवून या. दसरा तोंडावर होता, फुलांची तोडणी चालू होती. दसरा गेला, दिवाळी गेली. पोर चालायला लागली ती झुलतच. पुढं सगळ्यांच्या नजरेला सवय झाली. यंदा तेरा वर्षांची होऊन डेंग्यूनं गेली. तिचं दहावं-तेरावं झालं, आणि दुसऱ्या सकाळी बाईंचा पाय असा पडू लागला.

प्रतिभांनी ऑपरेशनचं समजावलं. सांधा बदलला की चाल सरळ होईल.

वत्सलाबाईंनी टेबलाची कड धरली.

"नका बसवू जागेवर. तेवढीच राह्यलीय माझ्यापाशी."

"दुखतं ना पण?"

"लय दुखतं. तिलाबी आसंच दुखत आसंल. कधी बोलली नाय."

प्रतिभांनी दुखणं कमी करायच्या गोळ्या लिहून दिल्या.

तीन महिन्यांनी बाई परत आल्या. वाळल्या होत्या. या वेळी प्रतिभांनी दोन्ही अख्ख्या मांड्यांचा एक्स-रे काढला आणि मागच्या वर्षीच्या फिल्मशेजारी उजेडावर लावला.

डाव्या मांडीच्या गोळ्याखाली, हाडात, एक बारीक काळी रेघ होती. गुडघ्यापाशीही तशीच.

वाढत्या मुलांच्या हाडात ही रेघ असते; हाड तिथूनच वाढतं. मोठ्यांच्यात ती बुजलेली असते. जुन्या फिल्ममध्ये नव्हती.

"वाईट हाय का काही?" वत्सलाबाईंनी विचारलं.

प्रतिभांनी फिल्मवर पट्टी ठेवून दोन्ही मांड्यांची हाडं मोजली, मग बाईंना टेबलावर झोपवून टेपनं मोजली. महिनाभरानं बोलावून, नवा एक्स-रे काढून पुन्हा मोजली.

उजवं होतं तेवढंच होतं. डावं तीन मिलिमीटरनं वाढलं होतं.