अर्धा आटा सैल

तो आला होता शेजारच्या किल्लीवाल्याकडे. पण किल्लीवाला जेवायला गेलेला, आभाळ सकाळपासून राखेसारखं खाली उतरलेलं आणि भुरभुर काही थांबत नव्हती. म्हणून तो जुन्या टेबललॅम्पांच्या दुकानाच्या उंबऱ्यावर टेकला. आत एक मुलगी वायरचं एक टोक दातांत धरून पकडीने दुसरं टोक सोलत होती.

"दात पडतील," तो म्हणाला.

"पडले तर तुमच्याकडे मागायला येणार नाही," वायर न सोडताच ती म्हणाली.

कोपऱ्यात वर्तमानपत्रामागे मामा खाकरला. हात थरथरायला लागल्यापासून त्याने पकड, कानस, दोन स्क्रूड्रायव्हर असा सगळा संसार भाचीच्या हवाली केला होता आणि त्यासोबत एक नियमही. दुरुस्त केलेला दिवा तासभर फळीवर जळला पाहिजे, मगच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. "थंड असताना सगळेच दिवे गुणी," मामा म्हणे. "तापले की खरं कळतं."

दुसऱ्या दिवशी तो तरुण टॉवेलात गुंडाळून एक पितळी दिवा घेऊन आला. तो एका दवाखान्यात कंपाउंडर होता, दुपारनंतरच्या पाळीला. दिवा त्याच्या आईचा. ती लोकांचे कपडे रफू करायची; दिवेलागणीला बसली की रात्रीच्या जेवणापर्यंत सुई हातात.

वायर कुजली होती. वरच्या टोपीची, म्हणजे शेडची, तार तुटली होती. होल्डरचे तर हातात घेताच दोन तुकडे झाले.

"चार दिवस लागतील," ती म्हणाली.

लागले आठ. तो रोज कामावर जाताना डोकवायचा...

"झाला का?"

"तुम्ही उजेडात उभे राहता, मग कसा होईल?"

तो बाजूला सरकायचा, पण बाहेरच्या बाजूला नव्हे. ती तार वाकवायची, तो टोपी धरायचा. एकदा तिची बोटं त्याच्या बोटांवर पडली आणि दोघांनीही टोपीकडेच पाहिलं — जणू चूक टोपीचीच होती.

"कंपाउंडरसाहेब, औषधही असंच ओतता का? सगळं बाहेर?"

"औषध ओतताना समोर कुणी असं बसलेलं नसतं."

मामाने पान उलटलं. मागचं, वाचून झालेलं.

आठव्या दिवशी दिवा तयार झाला. आता हा नेला की तो कशाला येईल? मामा चहाला गेला होता. तिने होल्डरमधला स्क्रू अर्धा आटा सैल केला, दिवा फळीवर न ठेवताच टॉवेलात गुंडाळला. तापला की लुकलुकेल. लुकलुकला की तो येईल. एवढाच हिशेब.

दुपारी तो दिवा घेऊन गेला, तो परत आला नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. आभाळ तसंच. ती दर पावलाला मान वर करायची आणि मामा म्हणायचा, "मान मोडेल. तिला डाग देऊन जोडता येत नाही."

तिसरा आठवडा सरताना तो आला. काखेत तोच टॉवेल, पण चेहरा उतरलेला.

"हा ठेवून घ्या. कुणाला लागला तर द्या."

"का?"

"आईने सुई ठेवून दिली. अर्धा तास काम केलं की उजेड डोळ्यांपुढे मिटतो, उघडतो, म्हणते. डॉक्टर म्हणतात, डोळे ठणठणीत आहेत. तिला वाटतं, आम्ही सगळे मिळून खोटं बोलतोय." त्याने टॉवेल पुढे केला. "मी त्या वेळी दवाखान्यात असतो. मला कळलंच नाही... परवा तिला घेऊन ताईकडे जातोय. कायमचा. नोकरीही सोडली."

तिला तो अर्धा आटा आठवला. गप्प राहिली असती तर तो निदान तिची चांगली आठवण घेऊन गेला असता. बोलली तर तेवढंही उरणार नव्हतं. आणि न बोलली तर एक बाई डोळे शाबूत असून आंधळी म्हणून जगणार होती.

तिने दिवा फळीवर ठेवला, लावला. "बसा जरा."

दोघं बसले. दिवा शांत जळत होता. पंचवीस मिनिटं झाली, तीस झाली... आणि उजेड एकदम मिटला, उघडला, पुन्हा मिटला.

तो ताडकन उठला. "म्हणजे दिवाच..." त्याला हसू आवरेना. "आईचे डोळे बरे आहेत. अहो, दिवाच बिघडलाय."

"बिघडला नाही," ती म्हणाली. "मी बिघडवला. स्क्रू सैल ठेवला, मुद्दाम. म्हटलं, तुम्ही परत याल."

मामाने वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"तीन आठवडे," तो हळूच म्हणाला. "तीन आठवडे ती डोळ्यांवर हात ठेवून पडून आहे."

"मी येते. आईंना मीच सांगते."

आईच्या खोलीत तिने स्क्रू आवळला, दिवा लावला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आईने दिव्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. सुई मागितली. जुना कोट मांडीवर घेतला. एक तास गेला. उजेड हलला नाही. दोऱ्यात दोरा बसत गेला.

"लोक चिठ्ठी लिहितात गं," शेवटी आई म्हणाली.

"माझं अक्षर वाईट आहे."

"असू दे. त्याने कुणाचे डोळे जात नाहीत." आईचा आवाज कापला. "मी किती रडले, ते तुला कसं सांगू? जा आता. आज मला तुझ्याशी गोड बोलता येणार नाही."

जिन्यापाशी तो मागून आला.

"राग आलाय?" तिने विचारलं.

"आलाय. खूप."

"ताईकडे...?"

"आता कशाला? उद्या डॉक्टरांचे पाय धरतो, नोकरी परत द्या म्हणून."

"आणि दुकानात?"

त्याने कठड्यावर हात ठेवला. "येईन. पण चार दिवस बोलणार नाही. नुसता बसेन. चालेल?"

"चालेल," ती म्हणाली.

जिना अंधारा होता. तो एक शब्द न बोलता तिच्यापुढे झाला आणि एकेका पायरीवर थांबत, तिचं पाऊल पडेपर्यंत वाट पाहत खाली उतरू लागला. त्याचे चार दिवस सुरू झाले होते.